मुलगी सतराची, ‘शिक्षणा’चे पैसे बत्तिसाव्या वर्षी

तुमचा प्रश्न एका ओळीचा: बारावीनंतर मुलीला सायकॉलॉजी घ्यायचंय, त्यात पैसा आहे का? पण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, की तिच्या शिक्षणासाठी बँकेतल्या माणसाने वर्षाला दीड लाखाची पॉलिसी दिली आणि कागद बारा दिवसांपूर्वी घरी आले. मी तिथेच अडकलो.

हप्ते बारा वर्षं, पैसे पंधराव्या वर्षी. तोवर मुलगी बत्तीस वर्षांची! अठरा लाख भरून अठ्ठावीस मिळणार, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. वर विमा तिच्या जिवावर काढलाय. कमावणारे एकटे तुम्ही, आणि तुमच्या नावावर टर्म इन्शुरन्स (तुमच्या मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा) नाही. उद्या तुम्हाला काही झालं, तर हप्ता कोण भरणार आणि फी कोण?

सुदैवाने कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला ‘फ्री लूक’ म्हणतात. स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकीचे पैसे परत येतात. बँकेतला माणूस ‘तीन वर्षं तरी ठेवा’ म्हणेल. ऐकू नका.

आता सायकॉलॉजी. ‘एमए झालं की क्लिनिक’ हा तुमचा हिशेब चुकीचा आहे. पदवी आणि एमए मिळून पाच वर्षं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं, तर त्यावर आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषद) साधारण दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी. तिथे जागा मोजक्या, आणि यातला आजवरचा मुख्य अभ्यासक्रम, एमफिल, बंद होत असल्याने अभ्यासक्रमांची नावंही बदलताहेत. त्या वेळी परिषदेची मान्य अभ्यासक्रमांची यादी बघा. औषधं लिहून देणारा सायकियाट्रिस्ट वेगळा, तो एमबीबीएसच्या वाटेने येतो. शाळेतलं समुपदेशन, कंपन्यांचं एचआर, संशोधन या वाटा एमएनंतर खुल्या होतात. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच धरा.

थोडक्यात, सात वर्षं खर्च तुमचा. मुलीला विषयाची ओढ असेल तर झेपेल. त्या दीड लाखातून आधी स्वतःचा टर्म प्लॅन, उरलेले महिन्याच्या महिन्याला आरडीत. एमएच्या प्रवेशाला चार-साडेचार लाख हाताशी असतील. पुढे कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे.

पॉलिसी परत करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कॉलेजच्या प्रवेशाला अजून काही महिने आहेत, याला अठराच दिवस.