पहिल्याच वाक्यात मागणी

प्रश्न : मी कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. जुने दोन कॉम्प्रेसर बदलायला मंजुरी हवी आहे, त्यासाठी परदेशी संचालकांपुढे २० मिनिटांचं प्रेझेंटेशन द्यायचंय, तेही इंग्रजीत. ३४ स्लाइड्स तयार आहेत : विभागाची ओळख, यंत्रांचा इतिहास, बिघाडांची आकडेवारी आणि शेवटी मागणी. शाळा मराठी माध्यमाची. तांत्रिक इंग्रजी समजतं, बोलताना मात्र वाक्य अर्ध्यावर अडतं. सगळं भाषण लिहून पाठ करू का?

उत्तर : नको. २० मिनिटांचं पाठांतर मध्येच आलेल्या एका प्रश्नाने कोसळतं, आणि संचालक मध्येच विचारतातच. मी बरीच वर्षं खर्चाला मंजुरी देणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे, म्हणून तिकडून काय दिसतं ते सांगते. तुमच्या व्याकरणाकडे आमचं लक्ष फार उशिरा जातं. पहिल्या मिनिटापासून डोक्यात एकच घोळत असतं : यांना आपल्याकडून नेमकं हवंय काय? ते ३४व्या स्लाइडवर कळणार असेल, तर तोवर आम्ही नुसते अंदाज बांधत बसतो.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांची मांडणी याच्या नेमकी उलट आहे : आधी उत्तर, त्याखाली कारणं, कारणांखाली पुरावे. तुमची शेवटची स्लाइड उचलून पहिली करा. ‘वी नीड युवर अप्रूव्हल टू रिप्लेस टू कॉम्प्रेसर्स धिस क्वार्टर.’ इतकं सरळ मागायला संकोच वाटेल, पण ऐकणाऱ्यांना हायसं वाटतं. विभागाची ओळख काढून टाका. त्यांनीच तुम्हाला बोलावलंय. इतिहासातलंही फक्त तेवढंच ठेवा, जे एखाद्या कारणाला आधार देतं. यंत्र बंद पडल्याने बुडणारे तास, विजेचा खर्च, सुटे भाग न मिळणं, अशी दोन-तीन कारणं पुरतात.

एक स्लाइड मात्र तुमच्या यादीत नाही आणि ती हवीच : ‘काहीच केलं नाही तर?’ मंजुरी देणारा माणूस तुमच्या प्रस्तावाची तुलना दुसऱ्या यंत्राशी नंतर करतो. आधी करतो ती आणखी वर्षभर तसंच रेटण्याशी. दुरुस्ती करून चालवलं तर काय, भाड्याने घेतला तर काय, याचे आकडे तुम्हीच समोर ठेवलेत तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

आता इंग्रजी. स्लाइडचं शीर्षक ‘ब्रेकडाउन डेटा’ असं ठेवू नका, पूर्ण वाक्य लिहा : ‘हाफ ऑफ अवर डाउनटाइम कम्स फ्रॉम टू मशीन्स.’ अर्थात तुमच्या आकड्यांत ते खरं असेल तरच. याचा दुहेरी फायदा आहे. ऐकणाऱ्याला निष्कर्ष लगेच दिसतो, आणि तुम्ही अडखळलात तर म्हणायचं वाक्य पडद्यावर तयार असतं. सगळी शीर्षकं ओळीने वाचली की प्रस्ताव समजला पाहिजे. नाही समजला, तर क्रम चुकलाय. इंग्रजीला दोष देऊ नका.

शीर्षकाबद्दल मी एवढा आग्रह का धरते? कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान २००३ साली परतताना कोसळलं. यान अवकाशात असतानाच, उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीच्या आवरणातून निखळून पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याविषयी अभियंत्यांनी स्लाइड्स सादर केल्या होत्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. पार तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती : चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा आणि इथला अंदाज १९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट. आकडे आणि माहिती डोळ्यांपुढे कशी मांडावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तिची दखल घेतली. यान स्लाइडमुळे पडलं असं कुणी म्हणत नाही. पण सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत खाली कसा जाऊन बसतो, ते तिथे लख्ख दिसतं.

पाठ करायचीच तर सुरुवातीची चार वाक्यं, शेवटची मागणी आणि एका कारणावरून दुसऱ्यावर जाणारे सांधे : ‘दॅट इज द कॉस्ट. नाऊ द रिस्क.’ मधलं मोकळं बोला, छोट्या वाक्यांत. २० मिनिटं दिली असतील तर १२ बोला, बाकीची त्यांच्या प्रश्नांसाठी. उच्चारांचा ढंग बदलू नका. फक्त वारंवार येणारे दहाएक शब्द ऑनलाइन शब्दकोशात ऐकून घ्या. ‘कॉम्प्रेसर’मध्ये जोर ‘प्रे’वर, ‘इक्विपमेंट’मध्ये ‘क्विप’वर. आपण सगळ्या अक्षरांना सारखं वजन देतो, म्हणून ओळखीचा शब्दही समोरच्याला पटकन लागत नाही.

प्रश्न : समोरच्याचा प्रश्नच कळला नाही तर? आणि आकडे सांगताना माझा हमखास घोळ होतो.

उत्तर : ‘सॉरी?’ पुन्हा पुन्हा म्हणू नका, तोच प्रश्न त्याच वेगाने परत येतो. दोन पर्याय पुढे करा : ‘आर यू आस्किंग अबाउट द कॉस्ट ऑर द टायमिंग?’ उत्तर एका शब्दात येतं आणि तेवढ्यात तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

आकड्यांत तीन जागा सांभाळा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ ऐकायला सारखे वाटतात, म्हणून ‘वन-फाइव्ह’ जोडा. लाख-कोटी आधीच मिलियनमध्ये करून लिहा, उभ्या-उभ्या हिशेब नको. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १०. आणि ‘बाय’ व ‘टू’ : डाउनटाइम ४० तासांवरून १० तासांवर आला, तर तो ‘टू टेन’ आला, ‘बाय थर्टी’ कमी झाला. इथे गल्लत झाली की संचालक तुमचा पुढचा प्रत्येक आकडा तपासायला लागतात.

प्रश्न : पडद्याकडे वळून स्लाइड वाचत राहण्याची सवय जात नाही.

उत्तर : पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. मागणीचं वाक्य पडदा काळा करून बोला. वाचायला काही उरतच नाही. पुरवणी स्लाइड्स शेवटी ठेवा आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून जवळ बाळगा. प्रश्न आला की क्रमांक टाइप करून एंटर दाबा, थेट तिथे पोचाल. एकेक स्लाइड मागे-पुढे सरकवत शोधू नका.