स्व-संकल्पना, व्यावसायिक कार्य आणि मास्तरकी

एम.एड. करणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. तिच्या प्रबंधाचं शीर्षक ‘शिक्षकांची स्व-संकल्पना व त्यांचे व्यावसायिक कार्य’. स्व-संकल्पना म्हणजे इंग्रजीतलं ‘सेल्फ-कन्सेप्ट’, माणसाच्या मनातली स्वतःविषयीची कल्पना. प्रश्नावली हातात पडल्यावर शाळेतले सहकारी म्हणाले, “हा कसला संकल्प सोडायचाय? आणि आम्ही व्यवसाय कधी सुरू केला?” तर नेमके शब्द कोणते वापरावेत?

थट्टा अगदीच वावगी नाही. ‘संकल्पना’ म्हटलं की अजून कानाला आधी ‘संकल्प’ ऐकू येतो. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्या जागी ‘संबोध’ही भेटतो, पण ‘स्व-संबोध’ म्हटलं तर संबोधनाचा घोटाळा होईल. ‘स्वप्रतिमा’ सोपा वाटतो, मात्र मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या मांडणीत स्वप्रतिमा, आत्मसन्मान आणि आदर्श ‘स्व’ असे तीन पदर आहेत. एका पदराचं नाव अख्ख्या वस्त्राला कसं द्यायचं? ‘आत्मविश्वास’ तर आणखीच तोकडा.

साध्या मराठीत म्हणायचं तर ‘स्वतःविषयीची समजूत’. अर्थ चपखल बसतो, पण आपल्याकडे समजूत एकतर चुकीची असते, नाहीतर घालायची असते. ‘स्वतःला काय समजतोस?’ हा मराठीत प्रश्न नाहीच, दम आहे. म्हणून शीर्षकात ‘स्व-संकल्पना’च राहू द्या, जोडरेघेसकट.

‘व्यावसायिक’ मात्र मी बदलेन. व्यावसायिक रंगभूमी, व्यावसायिक गाळा, व्यावसायिक गॅस सिलिंडर, सगळीकडे पैशाचा वास आहे. ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ तेवढा वेगळा. ‘शिक्षकी पेशा’ हा रुळलेला शब्दप्रयोग, पण पेशाचं विशेषण करायला गेलं की हिंदीतलं ‘पेशेवर’ दारात उभं. त्यापेक्षा सरळ ‘शिक्षकी काम’ म्हणावं.

खरी गंमत पुढे आहे. शिक्षक स्वतःला काय समजतात ते प्रश्नावलीआधी त्यांच्या बोलण्यात सापडतं. विद्यार्थी ‘शाळेत’ असतो, नेमणूक झालेला माणूस ‘शाळेवर’ असतो. ‘मी मास्तर आहे’ म्हणताना स्वतःला थोडं खाली ठेवलेलं असतं. ‘तीस वर्षं मास्तरकी केली’ यातही तीच मिश्कील विनम्रता. ‘गुरुजी’पासून मात्र असं नाम होत नाही, कारण गुरुजी लोकांनी म्हणायचं असतं. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा पवाडा लिहिला तेव्हा पंतोजी हा चलनी शब्द होता. आज तो थट्टेपुरता उरलाय.

आमच्या शेजारी एक शिक्षक जोडपं राहायचं. बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात बाई ‘शिक्षिका’ लिहायच्या, सर ‘नोकरी’. बाई म्हणायच्या, “आज भागाकार पोरांच्या डोक्यात बसला.” सर म्हणायचे, “पोर्शन संपवला.” यावरून निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण थांबा. चिंचोक्यांचे ढीग करून मला भागाकार शिकवला तो सरांनीच. तेव्हा शब्द पाहावेत, पण वर्गातही डोकावावं. प्रबंधात निरीक्षणाची सोय असेल तर उत्तमच.

आणि काही शब्द माणूस निवडत नाही, सरकारी आदेशातून येऊन चिकटतात. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. वर्ग तोच, फळा तोच, पण पहिली तीन वर्षं हुद्दा सेवकाचा आणि पगाराऐवजी मानधन, प्राथमिकला तेव्हा दरमहा ३,००० रुपये. (२०२३ पासून १६,०००.) शब्दात मान आहे आणि धनही आहे, हा विनोद त्या काळात बऱ्याच जणांनी केला असेल. वस्तीशाळांवर तर ‘निमशिक्षक’ होते. अर्ध्या हुद्द्याचा माणूस चौथीच्या पोरांना अर्धं शिकवत नव्हता, तरी ‘तुम्ही काय करता?’ याचं उत्तर देताना त्याची जीभ अडखळली असेल, तर तीही स्व-संकल्पनाच.

म्हणून शीर्षक असं करा: ‘शिक्षकांची स्व-संकल्पना व त्यांचे शिक्षकी काम’. प्रश्नावलीत मात्र ‘स्व-संकल्पना’ हा शब्द आणूच नका. तिथे विचारा, ‘शिक्षक म्हणून तुम्ही स्वतःकडे कसे पाहता?’ आणि त्याआधी एक मोकळी ओळ सोडा: ‘अनोळखी माणसाला तुम्ही स्वतःची ओळख कशी करून देता?’ ‘सर’, ‘शाळेवर आहे’, ‘झेडपीत आहे’, जे येईल ते जसंच्या तसं उतरवून घ्या, प्रमाणभाषेत सुधारू नका.