गणित एक आणि तीन रेघा

"ताई, मुलाची दोन वर्षं पाण्यात गेली हो."

अमेरिकेत कॉलेज बदलून गेलेल्या मुलांच्या आया मला फोन करतात तेव्हा सुरुवात बहुतेक याच वाक्याने होते. इथे शिकलेले विषय तिथल्या कॉलेजने धरले नाहीत. आता काय? पुन्हा पहिल्यापासून? अपील केलं तर कॉलेज डूख धरेल का? पुण्याला परतण्याआधी मी टेक्ससमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात नऊ वर्षं विद्यार्थी-सल्लागार होते, त्यामुळे असे फोन फिरत फिरत माझ्याकडे येतात. त्यातलीच एक गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला निनाद म्हणू या.

निनादच्या मामाने बहिणीसाठी भरलेला ग्रीन कार्डच्या अर्जाचा नंबर सतरा वर्षांनी लागला. तोवर निनाद पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची दोन वर्षं पार करून बसला होता. मुलगा वयाची मर्यादा ओलांडून अर्जातून गळेल या धास्तीने सगळे घाईघाईने डॅलसजवळ जाऊन राहिले. एका सरकारी विद्यापीठात प्रवेशही मिळाला. मग क्रेडिट्सचं, म्हणजे शिकून झालेल्या विषयांच्या वजनाचं, मूल्यांकन हातात पडलं. पुण्याच्या 88 क्रेडिट्सचे तिथे 61 झाले. त्याबद्दल तक्रार नव्हती, मोजमापच वेगळं आहे. पण या 61 पैकी पदवीत धरले गेले फक्त 17.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर आईवडील समोर होते. निनाद कॅमेऱ्याच्या बाहेर, फ्रिजला टेकून उभा असावा, कारण मधूनच फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज यायचा. वडील तावातावाने बोलत होते. त्यांनी दोन पानी पत्र तयारच ठेवलं होतं. त्यात भारतीय शिक्षणाचा अपमान होता, आयआयटी होती, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे भारतीय प्रमुख होते. शिवाय टेक्ससचा एक कायदाही त्यांनी शोधून काढला होता: क्रेडिट नाकारलं तर कॉलेजने तसं लेखी कळवायचं आणि 45 दिवसांत तिढा सुटला नाही तर प्रकरण राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाच्या आयुक्तांकडे जातं.

कायदा खरा आहे. पण तो टेक्ससमधल्या सरकारी कॉलेजांच्या आपसातल्या बदलीसाठी. पुण्याहून आलेल्याला तो लागू होत नाही. हे सांगितल्यावर ते एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेत निनाद पहिल्यांदा बोलला. "मी आधीच म्हटलं होतं, जाऊ दे."

हे 'जाऊ दे' मला चांगलं ओळखीचं आहे. त्याने पुण्यातल्या मित्रांचा ग्रुप म्यूट केला होता आणि आजीचा फोन आला की तो अंघोळीला जायचा. आई हे हसत सांगत होती, पण दिवसातून तीनदा अंघोळ करणारा मुलगा काही हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. मी आईवडलांना म्हटलं, तुम्ही अर्धा तास फिरून या. ते गेल्यावर त्याला विचारलं, तुला नक्की कशाची लाज वाटते? म्हणाला, "पुण्यात माझ्याबरोबरचे लास्ट इयरला जातील. मी इथे शाळेतून नुकत्याच आलेल्या पोरांबरोबर लिमिट्स शिकणार."

मी त्याला एक आकडा सांगितला. अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या कार्यालयाने 2017 मध्ये एक अहवाल दिला होता. 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी 43 टक्के क्रेडिट्स बदलीत गळले, असा त्यांचा अंदाज. यातली बहुसंख्य मुलं तिथल्या तिथेच कॉलेज बदलणारी. म्हणजे गळती आहे ती पाइपात. निनादला हे लगेच पटलं असं नाही, पण तो कॅमेऱ्यासमोर येऊन बसला.

मग त्याला स्क्रीनवर मूल्यांकनाचं पान उघडायला लावलं. डावीकडे पुण्याचे विषय, उजवीकडे तिथले. 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स 1' च्या समोर लिहिलं होतं: गणित, पुढे 1 आणि तीन रेघा. खाली बऱ्याच विषयांसमोर तसंच.

या रेघा काय आहेत ते समजून घ्यायला हवं. टेक्ससच्या कॉलेजांत सुरुवातीच्या विषयांना चार आकडी समाईक क्रमांक असतो. कॅल्क्युलस 1 चा क्रमांक 2413. पहिला 2 म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा, नंतरचा 4 म्हणजे चार क्रेडिट्स. जिथे एक आकडा आणि रेघा असतात तिथे कॉलेज म्हणत असतं: हे गणितच आहे, पहिल्या वर्षाच्या पातळीचं आहे, पण आमच्या कुठल्या विषयाशी जुळतं ते आम्हाला कळलं नाही. क्रेडिट नाकारलेलं नाही, ते 'इलेक्टिव्ह'च्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, पेटीत टाकलंय. आणि इंजिनिअरिंगच्या पदवीत त्या पेटीला जागाच जवळजवळ नसते. क्रेडिट मिळणं, ते पदवीत बसणं आणि त्याच्या बळावर पुढच्या विषयाला बसता येणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मिळाले की 61' म्हणून निर्धास्त राहिलेली घरंही मी पाहिली आहेत. ती पदवीच्या आदल्या वर्षी जागी होतात.

आता गंमत बघा. निनादच्या वेळच्या 'एम-वन'मध्ये, म्हणजे 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स 1'मध्ये, काय होतं? मीन व्हॅल्यू थिअरम, फूरिए सिरीज, पार्शल डिफरन्शिएशन, मॅट्रायसेस. लिमिट्स आणि साधं डिफरन्शिएशन त्यात नाही, कारण ते आपण अकरावी-बारावीत उरकलेलं असतं. तपासणाऱ्या बाई कॅल्क्युलस 1 चा सिलॅबस शेजारी ठेवतात, त्यात लिमिट्स दिसतात, पुण्याच्या कागदात दिसत नाहीत. त्या रेघा मारून मोकळ्या होतात. जास्त पुढचं शिकलाय म्हणून मुलगा मागे पडतो. आणि बारावीचं गणित दाखवावं तर ती त्यांच्या लेखी शाळा.

म्हणून 'एम-वन म्हणजेच कॅल्क्युलस 1' असं अपील करायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. वडलांना हे फार जड गेलं. त्याऐवजी एम-वन आणि एम-टू एकत्र धरून कॅल्क्युलस 3 मागायचा. पार्शल डेरिव्हेटिव्ह, जेकोबियन, मल्टिपल इंटिग्रल हे सगळं या दोन पेपरांत मिळून येतं. आणि कॅल्क्युलस 1 साठी क्लेपची, म्हणजे वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणारी, परीक्षा द्यायची. दीड तासाची परीक्षा, 20 ते 80 असे गुण, सहसा 50 मिळाले की क्रेडिट. बारावीचं पुस्तक नीट केलेल्या मुलाला महिन्याभराची तयारी पुरते.

डेटा स्ट्रक्चर्सचं दुखणं निराळं होतं. आपल्याकडे थिअरीचा विषय वेगळा आणि लॅब वेगळी, मार्कलिस्टवर दोन ओळी. तिथे दोन्ही मिळून एकच विषय. तपासताना थिअरीच्या ओळीत प्रोग्रॅमिंग दिसलं नाही, आणि लॅबची ओळ नुसती 'लॅबोरेटरी' म्हणून पेटीत गेली. या दोन ओळी जोडून दाखवायच्या होत्या, आणि त्यासाठी पुरावा हवा होता. मी विचारलं, जर्नल कुठे आहेत?

निनाद ओशाळून हसला. जर्नल त्याच्या आतेभावाकडे. तो त्याच कॉलेजात, त्याच ब्रँचला, एक वर्ष मागे. ही जर्नल उतरवून काढायला तिथे गेली होती, हे पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्यांना सांगायला नको. आतेभावाने रात्री बसून सत्तेचाळीस पानांचे फोटो काढून पाठवले. प्रत्येक प्रॅक्टिकलखाली तारीख आणि मॅडमची सही. एका पानावर चहाचा गोल डाग होता, तोही गेला तसाच टेक्ससला.

मूळ दोन पानी पत्र आम्ही बाजूला ठेवलं. प्रत्येक विषयाला एकच पान. वर दोन वाक्यं: या विषयाचा अमुक क्रमांकाच्या विषयाशी समकक्ष म्हणून फेरविचार व्हावा. खाली दोन रकाने. डावीकडे त्यांच्या सिलॅबसमधले मुद्दे त्यांच्याच क्रमाने आणि त्यांच्याच शब्दांत, उजवीकडे पुण्यातलं युनिट, तास, पुस्तकाचं नाव. सोबत तो ज्या पॅटर्नला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या ज्या आवृत्तीला, शिकला त्याच पॅटर्नचा विद्यापीठाचा सिलॅबस. नवीन पॅटर्नचा जोडला तर विषयांचे कोड मार्कलिस्टशी जुळत नाहीत आणि फाइल परत येते. हे मी माझ्या टेबलावर इतक्यांदा पाहिलंय की आता कोड स्वतः ताडून बघते. बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेलं मूल्यांकनही जोडलं, पण तो फक्त सल्ला असतो, निर्णय कॉलेजचा. आणि हे सगळं प्रवेश कचेरीच्या खिडकीत न देता त्याच्या सल्लागारामार्फत त्या त्या विभागातल्या प्राध्यापकाकडे जाईल असं पाहिलं. कचेरीतला माणूस नावं जुळवतो, मजकूर वाचायचा तर तो विषय शिकवणाराच हवा.

डूख धरण्याबद्दल विचारतात म्हणून सांगते: नऊ वर्षांत अपील केलं म्हणून एखाद्या मुलाचं वाकडं केलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या दृष्टीने तो एक फॉर्म आहे. उशिरा आलेल्या फॉर्मवर मात्र ते खरंच चिडतात.

काही ठिकाणी लढायचंच नसतं. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठाची पदवी हवी तर अमेरिकेच्या इतिहासाचे 6 आणि राज्यशास्त्राचे 6 क्रेडिट्स कायद्यानेच लागतात. वडील म्हणाले, "इंजिनिअरला काय करायचाय अमेरिकेचा इतिहास?" मी म्हटलं, आपणही नाही का चौथीला शिवाजी महाराज शिकत? त्यावर त्यांनी विषय सोडला.

एकूण पाच अपिलं केली. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आठ दिवसांत मान्य झालं. डेटा स्ट्रक्चर्सवर एका प्राध्यापकांनी निनादला बोलावून वीस मिनिटं प्रश्न विचारले, लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवायला लावली, आणि सही केली. कॅल्क्युलस 3 अट घालून मिळाला: आधी कॅल्क्युलस 2 इथे पास हो. चौथं अपील फिजिक्सचं, ते फेटाळलं, आणि तो अंदाज माझा चुकला. आपल्या इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये ऑप्टिक्स, लेसर, क्वांटम, सेमीकंडक्टर. त्यांच्या फिजिक्स 1 मध्ये सगळं मेकॅनिक्स. ते जुळत नव्हतंच. ऑप्टिक्सच्या जोरावर फिजिक्स 2 तरी मिळेल असं मला वाटलं आणि मी त्याला तीन दिवस त्या तक्त्यात राबवलं. नकाराच्या पत्रात लिहिलं होतं, पाचवा हिस्साच जुळतो. बरोबर लिहिलं होतं. पाचवं अपील डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं, तेही नाही झालं. त्यांच्याकडे तो विषय वरच्या वर्षाला आहे.

हिशेब असा: 17 वर डिस्क्रीटचे 3, डेटा स्ट्रक्चर्सचे 3, कॅल्क्युलस 3 चे अटीवरचे 4, म्हणजे 27. क्लेपमध्ये 61 गुण आले, त्याचे 4 धरून 31. चार वर्षांची तीन झाली. वडलांना दोनची आशा होती. ते थोडे दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

ऑगस्टच्या शेवटी निनादने स्क्रीनशॉट पाठवला. रेघांच्या जागी 2415, आणि खाली बारीक अक्षरात 'कॅल्क्युलस 2 नंतर'. मी विचारलं, आजीचा फोन घेतोस का? म्हणाला, "रविवारी घेतो. तिला वाटतंय मी इथे पहिला आलो."

फिजिक्सचा वर्ग सकाळी आठचा आहे. मामाच्या जुन्या गाडीने जातो. लॅब आवडते, म्हणाला, फक्त जर्नल नाही, रिपोर्ट टाइप करून रात्री बारापर्यंत अपलोड करायचा. पार्टनर एकोणीस वर्षांची मुलगी आहे, ती त्याला विचारते की रीडिंगच्या आधी ग्राफ कसा काय काढून ठेवतोस?