टॉरेंट वापरणं बेकायदेशीर आहे का?

लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली उतरवायचीय, अधिकृत साइटवरच टॉरेंटची लिंक दिसतेय, पण ‘टॉरेंट म्हणजे पायरसी’ असं ऐकल्यामुळे हात धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बिनधास्त उतरवा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांचे लोक ती लिंक स्वतःहून देतात, कारण टॉरेंटमध्ये फाइल तुकड्यातुकड्यांनी इतर उतरवणाऱ्यांच्या संगणकांवरून येते आणि त्यांच्या सर्व्हरवरचा भार हलका होतो.

मी तर लिनक्स असंच उतरवतो. एकदा चार जीबीची फाइल जवळपास उतरली असताना लॅपटॉप बंद पडला. थेट डाउनलोड असतं तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात. इथे फाइलचे लहान तुकडे असतात आणि प्रत्येकाचा हॅश, म्हणजे तुकडा बरोबर आहे का ते तपासायचा ठसा, आधीच ठरलेला असतो. पुन्हा चालू करून ‘फोर्स रीचेक’ (सगळे तुकडे पुन्हा तपास) दाबलं. जे दोन-तीन तुकडे अर्धवट होते तेवढेच परत आले.

ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटॉरेंट, म्हणजे टॉरेंटमागचं तंत्र, काढलं ते मोठ्या फाइली वाटण्यासाठीच. इंटरनेट आर्काइव्ह आणि लिब्रेऑफिसही टॉरेंट देतात. विंडोज १० सुद्धा अपडेटचे तुकडे इतर संगणकांकडून घेऊ शकतं. बदनामी आली ती नॅपस्टरच्या, म्हणजे लोक आपसात गाणी वाटायचे त्या सेवेच्या काळापासून. ग्रॉकस्टर या फाइल-वाटप कंपनीवरच्या २००५ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं, ते लोकांना कॉपीराइट मोडायला उत्तेजन दिल्याबद्दल. तंत्रावर बंदी आली नाही.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टॉरेंटमध्ये तुम्ही नुसते घेत नाही, घेता घेता वाटतही असता. घेण्याबाबत देशोदेशीचे कायदे वेगवेगळे असतील, पण नवा सिनेमा उतरवताना त्याचे तुकडे अनोळखी लोकांकडे जात असतात, म्हणजे तुम्ही वितरक झालात. ‘माझ्याकडे विकत घेतलेली डीव्हीडी आहे’ ही सबब इथेच लंगडी पडते. ज्यांना तुकडे गेले त्यांच्याकडे कुठे आहे? शिवाय त्या घोळक्यातल्या कुणालाही तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो. हक्कदार नोटिसा धाडतात त्या त्यावरूनच. व्हीपीएनने (दुसऱ्या सर्व्हरमार्फत जोडणाऱ्या सेवेने) पत्ता झाकला जातो, बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही.

तेव्हा टॉरेंट फाइल मूळ साइटवरूनच घ्या, तिऱ्हाईत ठिकाणाहून नको. उतरल्यावर तिथे दिलेला चेकसमही, म्हणजे अख्ख्या फाइलचा हॅश, जुळवून पाहा. आणि लगेच क्लायंट, म्हणजे टॉरेंट उतरवणारं सॉफ्टवेअर, बंद करू नका, जमलं तर रेशो एकवर जाईपर्यंत, म्हणजे जेवढं घेतलं तेवढं परत देईपर्यंत, सीड करा (वाटत राहा). मी रात्रभर चालू ठेवतो.