भयकथा लिहिणाऱ्यांनी एकत्र बसून भीतीचा सांस्कृतिक अर्थ शोधण्यात काही हशील आहे का?

आपण लिहिले आहे की, फोंड्याजवळ पाच-सहा जण मिळून भयकथाकारांचा एक गट सुरू करण्याचा आपला विचार आहे आणि तेथे केवळ कथावाचन न होता भीतीच्या सांस्कृतिक अर्थावरही बोलणे व्हावे अशी आपली इच्छा आहे; परंतु आपल्यातल्याच एकाचे म्हणणे असे की भीती जगभर सारखीच असते, संस्कृती हा तिच्या अंगावरचा नुसता कपडा, तेव्हा त्यावर वेळ का दवडावा? शिवाय हे लेखन मराठीत करावे की कोंकणीत, असेही आपण विचारले आहे. त्या सद्गृहस्थांचे वाक्य वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले, कारण हेच वाक्य, कपड्याच्या उपमेसकट, मी गेली नऊ वर्षे एका मित्राच्या तोंडून ऐकत आलो आहे.

आमचा गट डिचोली तालुक्यातला, आठ जणांचा. महिन्यातून एकदा रविवारी दुपारी आम्ही या मित्राच्या घराच्या सोप्यावर बसतो. गटाच्या तिसऱ्या की चौथ्या बैठकीत मी माझी देवचाराची कथा वाचली. तिला एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळाले होते, त्यामुळे मी काहीसा ताठ मानेनेच वाचत होतो हे मान्य केले पाहिजे. कथेत खनिजवाहू ट्रकचा एक चालक मध्यरात्री गावाच्या शीमेवर, म्हणजे हद्दीवर, गाडी थांबवतो, अंधारात त्याला दोन लाल डोळे दिसतात, आणि पहाटे त्याचा गळा आवळलेला देह रस्त्याकडेला सापडतो. मंडळींना कथा आवडली. मित्राचे आजोबा आतल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली आणि विचारले, "पुता, ताणें मारिल्लो मनीस तुवें खंय पळयला?" त्याने मारलेला माणूस तू कुठे पाहिलास, एवढाच तो प्रश्न होता. आवाजात राग नव्हता, म्हणून तो अधिक लागला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की देवचार हा आमच्याकडे शीमेचा राखणदार मानला जातो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पेटती चूड, पायात वहाणा असे त्याचे रूप सांगतात. त्याला रोट म्हणजे जाड भाकरी, केळी, विडी, क्वचित सोरो म्हणजे दारू ठेवतात. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो असे मानणारी माणसे आजही आहेत. याच तालुक्यातल्या साळ गावात होळीच्या दिवसांत सलग तीन रात्री गडे, म्हणजे त्या उत्सवात भाग घेणारे गावकरी, दूरवर दिसणाऱ्या ज्योतींमागे रानोमाळ धावतात, आणि त्या ज्योती देवचाराच्या मानल्या जातात. हे सर्व मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही लिहायला बसलो तेव्हा मी त्याला लाल डोळे दिले, कारण पडद्यावर पाहिलेल्या भुतांना लाल डोळे होते.

आजोबांनी मग स्वतःची हकीकत सांगितली. तरुणपणी ते शेजारच्या गावातला दहीकाला पाहून एकटे परतत होते आणि धुक्यात त्यांची वाट चुकली. बऱ्याच वेळाने पुढे कोठेतरी काठीचा ठोका ऐकू आला. ते थांबले की ठोका थांबे, ते चालले की तो चाले. त्या आवाजामागून चालत ते आपल्या गावच्या शीमेवरच्या वडापाशी पोचले आणि ठोका बंद झाला. आम्ही विचारले, भीती वाटली का? ते म्हणाले, वाटेत नाही वाटली. घरी आल्यावर वाटली, कारण त्या वर्षी घरून रोट ठेवायचा राहून गेला होता आणि तरीही त्याने आणून सोडले होते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

आपल्या प्रश्नाचे माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते या हकीकतीत आहे. आजोबांची भीती मरणाची नव्हती, देणे थकल्याची होती. मी उसन्या आणलेल्या भुताला माणसाकडून फक्त त्याचा जीव हवा होता, म्हणून ते कोणत्याही गावात, कोणत्याही रस्त्यावर उभे करता आले असते. आजोबांच्या देवचाराचे त्या गावाशी येणे-देणे होते. गटात बसून भीतीचा सांस्कृतिक अर्थ शोधायचा म्हणजे प्रत्येक भुताला दोनच प्रश्न विचारायचे असे मी तेव्हापासून मानत आलो आहे: हे कशाची राखण करते, आणि गावाकडे याचे काय थकले आहे?

मित्राने मात्र त्या दिवशी माझी बाजू घेतली आणि तिथूनच आमचा वाद सुरू झाला. लेखकाला स्वातंत्र्य आहे, आजोबा जुन्या काळातले आहेत, अंधार आणि एकटेपणा यांना सगळेच घाबरतात, बाकी देवचार काय आणि दुसरे काय, कपडा तेवढा निराळा, असे त्याचे म्हणणे. माझ्या बचावासाठी केलेल्या या युक्तिवादाने मी जितका खजील झालो तितका आजोबांच्या प्रश्नानेही झालो नव्हतो.

त्याच्या मुद्द्यातील फोलपणा दाखवायला मला फार दूर जावे लागत नाही. आमच्या गटात बार्देशातील एक ख्रिस्ती लेखिका आहे. तिच्या घरी 'देंवचार' हा शब्द उच्चारला की आजी छातीवर खुरीस, म्हणजे क्रूस, काढी, कारण मिशनऱ्यांनी सैतान सांगण्यासाठी इथलाच शब्द उचलला आणि प्रार्थनेत त्याचा तोच अर्थ रूढ झाला. एकाच शब्दाने एका घरात रोट भाजला जातो आणि दुसऱ्या घरात दार लावले जाते. तिने मात्र आम्हाला असेही सांगितले की त्याच आजीने शीमेवरच्या खुरसापाशी मेणबत्ती लावण्यात कधी खंड पडू दिला नाही आणि शेजारच्या हिंदू घरातील बाई त्याच जागी निरांजन ठेवत असे. याला कपडा म्हणायचे असेल तर म्हणावे, पण मग कपड्याखाली जे उरते ते कोणी पाहिले आहे, हेही सांगावे. वेताळाचेही तेच आहे. बहुतेक मराठी वाचकांच्या मनात तो स्मशानातला भुतांचा राजा असतो. आमच्या आमोण्यात, प्रियोळात, लोलयेत तो देवळातला देव आहे, आणि सासष्टीतल्या बेतालभाटी गावाने त्याचे देऊळ गेल्यानंतरही नावात त्याला ठेवून घेतले आहे. त्याचे नुसते नाव घेऊन पुण्यातल्या आणि लोलयेतल्या वाचकाला सारखेच दचकवता येईल अशी ज्याची समजूत आहे त्याने एकदा तसे करून पाहावे.

सत्तरीतल्या झर्मे गावी शिगम्यात 'चोर' होतात, ते आपण पाहिले नसतील तर गट सुरू करण्याआधी अवश्य पाहावेत. कोणाचे धड मातीखाली आणि डोके वर, तर कोणाचे डोकेच मातीखाली, असे जिवंत माणसांना पुरून ठेवलेले दृश्य पाहताना पोटात गोळा येतो. निरपराध माणसांना चोर समजून गावाने ठार मारले होते आणि त्या पापाची आठवण म्हणून हे करतात, अशी त्यामागची कथा आहे. येथे भूत नाही, राक्षस नाही, आणि गाव ज्याला भिते ती त्याने स्वतःच केलेली गोष्ट आहे. असे देणे कबूल करणारी भयकथा मला अजून लिहिता आलेली नाही.

याच्या उलट टोकाला कासावलीजवळच्या टेकडीवरचे चॅपल आहे. तेथे तीन पोर्तुगीज राजे सत्तेसाठी भांडले, एकाने दोघांना विष दिले आणि तिघांचे आत्मे तेथे फिरतात, अशी एक कथा पर्यटकांसाठी फिरत असते. राज्यावर असलेला एकही पोर्तुगीज राजा गोव्यात आलेला नाही. येथे व्हाइसरॉय आणि गव्हर्नर असत. तीन राजांचे नाव पडले ते दर 6 जानेवारीच्या फेस्ताने, ज्यात कासावली, आरोशी आणि कुयेली या गावांतील एकेक मुलगा राजा बनून टेकडी चढतो. एका गावाच्या सणाला कोणीतरी भुताटकी करून विकले आणि आता रात्री मोबाइल घेऊन आत्मे टिपायला मुले तेथे जातात. माझ्या मित्राच्या मते ही कथा 'चालते', म्हणजे ती चांगली आहे. माझ्या मते ती कोणाचेच देणे लागत नाही, म्हणून कोणीही उठून ती सांगू शकतो.

माझ्या कथेचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. मी ती पुन्हा लिहिली. नव्या कथेत कोणी मरत नाही. खाणीच्या रस्त्यासाठी शीमेवरचा वड पाडला जातो, 2012 साली खाणी बंद पडतात, ट्रक जातात, पाण्याने भरलेला खड्डा राहतो, आणि गावातली एक म्हातारी रोट ठेवायला जाते तेव्हा तिला ठेवायची जागा सापडत नाही. रात्री काठीचा ठोका ऐकू येतो, पण तो एकाच जागी, खड्ड्याभोवती फिरत राहतो. माझ्या दृष्टीने आजवरची ती माझी सर्वांत भयंकर कथा आहे. ती एका अंकाने परत पाठवली. 'भीती वाटत नाही' असे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते. मित्राने ती चिठ्ठी मागून घेतली, बैठकीत मोठ्याने वाचली आणि म्हणाला की ही भयकथा नव्हे, हा शोक आहे. त्यानंतर पाच महिने मी त्या सोप्यावर पाय ठेवला नाही.

मला परत आणले ते गटातील एका परिचारिकेच्या लेखाने. बाळंतपणात मेलेली बाई अळवंत होते असे आपल्याकडे मानतात आणि तिच्या भीतीने वाटा बंद होतात. या बाईंनी लिहिले होते की मेलेलीलाच का भ्यावे, तिला वेळेवर दवाखान्यात न नेणारे सगळे घरातच बसलेले असताना? हा लेख वाचल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता, असे मला इतरांकडून कळले.

आता आपल्या व्यावहारिक शंकांकडे वळतो. पहिल्या बैठकीत कथा वाचू नका. लहानपणी आपल्याला कोठे जाऊ दिले जात नव्हते, कोणी अडवले आणि काय सांगून अडवले, हे प्रत्येकाने एका पानावर लिहून आणावे. वर्षभर पुरेल इतका ऐवज त्यातून निघतो. भूत असते की नसते हा वाद दारातच सोडावा, नाहीतर दुसरे काहीच होणार नाही. शक्य असल्यास एखादे वृद्ध माणूस ऐकायला बसेल अशा घरी बैठक घ्यावी. भाषेविषयी माझे मत सरळ आहे: निवेदन ज्या भाषेत जमते त्या भाषेत करावे, माझे मराठीत जमते, परंतु आमच्या गावचा देवचार प्रमाण मराठीत बोलू लागला की तो तहसीलदार वाटतो, म्हणून त्याचे बोलणे मी कोंकणीतच ठेवतो.

मी लोकसंस्कृतीचा अभ्यासक नाही, आणि एका गावच्या देवचाराविषयी लिहिलेले दुसऱ्या गावाला मान्य होईलच असे नाही, तेव्हा माझे देण्याघेण्याचे सूत्र आपल्याकडे लागू पडते का ते तपासूनच घ्यावे. हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल की मित्राने रुग्णालयाच्या लिफ्टवर एक कथा लिहिली आहे, जिच्यात गाव नाही, शीम नाही, कोणाचे कसलेही देणे नाही, आणि ती ऐकल्यापासून मी शक्यतो जिन्यानेच जातो. ती का भिववते याचा उलगडा मला माझ्या सूत्राने करता आलेला नाही.

आजोबा आता नाहीत. शीमेवर रोट ठेवायला मित्र स्वतः जातो. विचारले तर म्हणतो, घरची सवय आहे. माझ्या पहिल्या, लाल डोळ्यांच्या कथेचा हस्तलिखित खर्डा अजून त्याच्यापाशी आहे. मी दोनदा मागितला. तीच कथा चांगली होती असे म्हणून तो द्यायला तयार नाही.