पाटा वाढवावा की बदलावा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बोलेरो पिकअप, १.७ टन, सहा वर्षं झाली. ओतूरहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. ७० क्रेट भरले की गाडी मागून बसते आणि खड्ड्यात बंप रबर (चेसिस आणि धुऱ्यामधला रबरी ठोकळा) आदळतं. पाटेवाला म्हणतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे (मागच्या धुऱ्यावरच्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकू. काय करावं?
— एक वाचक, ओतूर

उत्तर : आधी वजन पाहू. २० किलोचा क्रेट धरला तर ७० क्रेटचा माल १,४०० किलो. रिकाम्या क्रेटचं वजन लोक विसरतात. दीड-दोन किलोच्या हिशेबाने तेच १०५ ते १४० किलो होतं. म्हणजे हौद्यात साधारण १,५०० ते १,५५० किलो. एवढा माल या १.७ टन क्षमतेच्या गाडीने बंप रबरावर न टेकता न्यायला हवा. तेव्हा दोष मालाचा नाही, पाट्यांचा आहे.

पण दोष नेमका कोणता? पाटा थकला म्हणजे तो मऊ झाला, असा समज आहे. तसं होत नाही. पोलादाचा ताठपणा वयाने कमी होत नाही, कमी होते ती कमान, म्हणजे पाट्याचा बाक. पाटा तुटलेला किंवा झिजून बारीक झालेला नसेल, तर तो आजही किलोमागे तितकाच दबतो. फक्त दबायला सुरुवात खालून करतो, म्हणून लवकर बंप रबरावर टेकतो. जाड पाटे टाकून तुम्ही ताठपणा विकत घेता, आणि गेलेली असते उंची.

जाड पाट्याचा हिशेबही फसवा असतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ७ मिमीऐवजी ८ मिमीचा एक पाटा जवळपास दीड पाट्याचं काम करतो. समजा जुन्या सेटमध्ये ७ मिमीचे पाच पाटे आहेत. त्यात ८ मिमीचे दोन घातले, की पाचाचे सात नाही, आठ होतात. ताठपणा ६० टक्क्यांनी वाढला! वाशीहून रिकामी परतताना माळशेजच्या ओल्या वळणांवर मागची चाकं उड्या मारतील आणि ब्रेक दाबला की मागचा भाग सरकेल. शिवाय नव्या पाट्याची कमान जुन्यांपेक्षा जास्त, म्हणून भार आधी त्याच्यावर येतो आणि तोच आधी तुटतो.

खात्री करून घ्या. सपाट जागी, हवा नीट भरून, रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मग काट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या. माल भरून दोन्ही मापं पुन्हा घ्या. मागच्या चाकांवर १,२०० किलो वाढले, म्हणजे एका बाजूला ६००, आणि गाडी १०० मिमी बसली, तर ताठपणा झाला मिलिमीटरला ६ किलो. याच प्रकारच्या नव्या गाडीत हेच माप घेऊन ताडून पाहा. ताठपणा सारखा आणि रिकामी उंची कमी निघाली, तर कमान उतरली आहे. दोन बाजूंत १५ मिमीहून जास्त फरक असेल तर तारेच्या ब्रशने पाटे घासून चीर शोधा : यू-बोल्टच्या (पाटे धुऱ्याला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) बैठकीजवळ आणि मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ (टोकाला वळवलेलं गोल भोक).

कमान उतरली असेल तर पूर्ण सेट, दोन्ही बाजूंचा, एकदमच बदला. हातोड्याने थंड कमान मारून घेऊ नका, ती थोड्याच दिवसांत परत बसते. साध्या भट्टीत तापवलं तर पोलादाला दिलेल्या पाण्याचं, म्हणजे कडकपणाचं, मूळ गणितच जातं : पाटा एक तर मऊ पडतो किंवा ठिसूळ. सेट घेताना ‘बोलेरोचा द्या’ एवढं म्हणून भागत नाही, १.३ आणि १.७ टनाचे सेट वेगळे असू शकतात. चेसिस नंबर सांगा. जुन्या पाट्याची रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, डोळ्याचा व्यास, आणि सेंटर बोल्टपासून (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) पुढच्या व मागच्या डोळ्यापर्यंतची दोन अंतरं लिहून न्या. ही दोन अंतरं सारखी असतीलच असं नाही, म्हणून पाटा उलटा बसवण्याची चूकही होते.

बसवताना पुढच्या चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळे), चेसिसखाली घोड्या (आधाराचे स्टँड), धुऱ्याच्या हाउसिंगखाली जॅक. यू-बोल्ट आणि नट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसल्याशिवाय काही आवळू नका. यू-बोल्ट आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. डोळ्यांत रबरी बुश (नळीसारखे रबर) असतील तर डोळ्याचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटतात. ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासा. ते ढिले राहिले की सेंटर बोल्ट कापला जातो, धुरा सरकतो आणि पाटा मधल्या भोकातून तुटतो.

मागच्या ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (गाडीच्या उंचीवरून भार ओळखून ब्रेकचा जोर ठरवणारा) असेल, तर त्याची दांडी नव्या उंचीनुसार लावून घ्या. गाडी उंच झाली की व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो, तेही भरलेल्या गाडीत.

प्रश्न : पाटे वाढवले तर किती जादा माल नेता येईल?
— एक वाचक, लासलगाव

उत्तर : शून्य. धुरा, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहतात. पाटा न बसल्यामुळे जादा भार दिसत नाही, एवढंच. आणि काट्यावर सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचा.

प्रश्न : मासळी आणि बर्फ वाहतो. पाटे लवकर तुटतात.
— एक वाचक, मालवण

उत्तर : खारं पाणी पाट्यांच्या फटीत बसतं, गंजाचे खड्डे पडतात आणि चीर तिथूनच सुरू होते. हौद्याचं पाणी नळीने पाट्यांपासून दूर काढा, रोज गोड्या पाण्याने धुवा. जळकं ऑइल लावू नका, त्याला वाळू चिकटते आणि पाट्यांना घासते. तुटलेला पाटा वेल्ड करणं हा तर निव्वळ धोका.

प्रश्न : इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपमध्ये महिन्यातून एखादवेळी मोटरसायकल नेतो. पाटा वाढवू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. एवढ्यासाठी वाढवलेला पाटा उरलेले दिवस पाठ मोडेल. गाडी फारच बसत असेल तर चेसिस आणि धुऱ्यामधल्या हवेच्या पिशव्या पाहा. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा; एकच नळी असेल तर वळणावर हवा एकीकडून दुसरीकडे जाते आणि गाडी जास्त झुकते. रिकाम्या गाडीतही ५ ते १० पीएसआय हवा राहू द्या, नाहीतर रबर चिमटून फाटतं.