ईशू, त्या भाताबद्दल

प्रिय ईशू,

शनिवारी तुझ्या मैत्रिणी जेवून गेल्या, मी ताटं उचलत होतो आणि दोन ताटांत अर्धा अर्धा भात तसाच होता. मी काही बोललो नाही, पण तू माझा चेहरा बघितलास आणि त्या गेल्यावर विचारलंस, "बाबा, भातच आहे ना? आपल्याकडे पैसे आहेत की. मग कोणी मेल्यासारखा चेहरा का करतोस?"

लागलं मला ते. तुझा राग नाही आला, तू भांडायला नव्हती विचारत, तुला खरंच कळत नव्हतं. तेव्हा मी "असंच" म्हणून विषय बंद केला कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आता लिहितोय, लांबेल बहुतेक, एका दमात नको वाचूस.

अन्न पवित्र असतं वगैरे मी सांगणार नाहीये. आम्ही शाळेत डबा उघडायच्या आधी 'वदनी कवळ घेता' म्हणायचो आणि सगळं लक्ष डब्यात काय आहे तिकडेच असायचं, त्यामुळे भात टाकताना मला जे होतं ते तिथून आलं असं मला वाटत नाही. ते आलं माझ्या आजीकडून, म्हणजे तुझ्या पणजीकडून, जिचा नऊवारीतला फोटो डोंबिवलीला टीव्हीच्या वर आहे ना, तिच्याकडून.

गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. दुपारी आजी गॅलरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. खडा बाजूला, टरफलासकट राहिलेला भाताचा दाणा बाजूला, आणि फरशीवर एक दाणा जरी उडाला तरी बोटाचं टोक ओलं करून तो उचलायची. सगळ्यांची जेवणं झाली की शेवटी ती बसायची आणि पातेल्याच्या तळाची खरवड काढून त्यात ताक घालून खायची. घरात सुनेला, नातवंडांना भरपूर असायचं, तिला कोणी कमी वाढत नव्हतं, तरी ती खरवड तिचीच. माझे मित्र आले की मला लाज वाटायची तिची, कारण कोणी पोळीचा तुकडा टाकला तर ती तो उचलून झाकून ठेवायची आणि म्हणायची, "खाऊन माजावं, टाकून माजू नये." मित्र हसायचे, मी पाय आपटत बाहेर जायचो. म्हणजे तुला शनिवारी जे वाटलं ना, ते मला माहितीये, आतून माहितीये.

आजी लग्न होऊन त्या चाळीत आली ते साल १९४३. तेव्हा ती सतरा वर्षांची. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. म्हणजे नवीन संसार आणि रेशनकार्ड दोन्ही एकदमच. घरात माणसं किती त्यावर कार्ड, कार्डावर दुकान ठरलेलं, त्याच दुकानातून तेवढंच धान्य घ्यायचं. तांदूळ कसला, अर्धा खडे आणि कणी, वास येणारा. साखर मोजून, रॉकेल मोजून, कापडसुद्धा कंट्रोलचं. आणि हे सगळं घ्यायला रांग, सकाळी पिशवी घेऊन उभं राहायचं ते कधीकधी दुपार व्हायची. आजीचे लहान दीर रांगेत जागा धरायचे म्हणून शाळेत उशिरा जायचे असं ती सांगायची.

महागाई म्हणजे काय ते तिच्या हिशेबाच्या वहीत दिसतं. रुपये, आणे, पै असे तीन रकाने (सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, तुला ही बेरीज करायला मजा येईल). लढाई सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बाजारभाव दुपटीच्या वर गेले, सोनं तर चारपाच वर्षांतच जवळपास दुप्पट झालं. पगार काही तसे वाढले नाहीत. पणजोबा कारकून होते, त्यांना महागाई भत्ता मिळायला लागला, हा महागाई भत्ता प्रकार त्या लढाईतच रुजला. आणि चिल्लर मिळायची नाही! तांबं, निकेल, चांदी सगळी लढाईला लागत होती, म्हणून सरकारने पैशाला मधे भोक पाडलं, धातू वाचावा म्हणून. भोकाचा पैसा म्हणायचे त्याला. आजीने असे पैसे दोऱ्यात ओवून ठेवले होते आणि मी ते गळ्यात घालून खेळायचो.

आता ते 'कोणी मेल्यासारखा'. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. पडला म्हणणंही बरोबर नाही, कारण तांदूळ अगदीच नव्हता असं नाही, पण भाव इतके चढले की गरिबाला तो घेताच येईना, त्यात जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला आणि जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, साठे उचलले. तीसेक लाख माणसं गेली, उपासमारीने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी. कलकत्त्याच्या फुटपाथवरचे फोटो पेपरात आले. आजीला वाचता यायचं, जेमतेम, पण फोटोला कुठे वाचायला लागतं. ती मला म्हणाली होती की ते बघितल्यावर पातेलं घासायच्या आधी दोनदा बघायची सवय लागली ती गेलीच नाही. हे सांगताना ती रडत वगैरे नव्हती, चहाला आधण ठेवत होती.

आणि मग १४ एप्रिल १९४४. हे तू गूगल कर, खरंच कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं, त्यात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला, वर सोन्याच्या विटा. कापूस पेटला आणि दुपारी चारनंतर जहाज फुटलं, अर्ध्या तासाने परत एकदा फुटलं. आजी म्हणायची की भांडी फळीवरून खाली आली आणि सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकले, कारण ब्लॅकआऊट, सायरन, खिडक्यांना काळे कागद हे सगळं दोन वर्षं चालूच होतं. शेकडो माणसं मेली, आग विझवताना साठाच्या वर बंबवाले गेले, म्हणून आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. सोन्याच्या विटा उडून लांब लांब पडल्या, पुढे सत्तरच्या दशकातसुद्धा गोदीतला गाळ काढताना सापडल्या. लहानपणी मला फक्त सोन्याची गोष्ट ऐकायची असायची. आजी मात्र धान्याचं सांगायची. गोदामांमधलं हजारो टन धान्य जळलं, शहर रेशनवर जगत असताना, आणि काळा बाजार आणखी वाढला. पेपरात तर सेन्सॉरमुळे कितीतरी दिवस नीट काही छापूनच आलं नाही, लोकांना आधी परदेशी रेडिओवरून आणि एकमेकांच्या तोंडून कळलं. "तांदूळ जळाल्याचा वास येतो तो भात करपल्यासारखाच," एवढंच म्हणायची.

सगळं दुःखच होतं असं समजू नकोस. आजीला सिनेमा फार आवडायचा. १९४३ चा अशोककुमारचा 'किस्मत' तिने पाहिला होता, त्यात एक देशभक्तीचं गाणं होतं, शब्दांत शत्रू म्हणून जर्मन आणि जपानी घातलेले म्हणून सेन्सॉरने सोडलं, पण थिएटरातल्या पब्लिकला बरोबर कळायचं कोणाला 'दूर हटो' म्हणतायत ते. पिक्चरच्या आधी लढाईची सरकारी रीळं दाखवणं सक्तीचं होतं, तेव्हा लोक बाहेर शेंगदाणे खात उभे राहायचे. चाळीत एकाच घरात रेडिओ, संध्याकाळी बातम्यांना त्या दारात गर्दी. रात्री आवाज अगदी बारीक करून सुभाषबाबूंचं पूर्वेकडून येणारं भाषण लावायचे आणि एकजण जिन्यात उभा, कोणी येतंय का बघायला. ऑगस्ट १९४५ मध्ये ते विमान अपघातात गेल्याची बातमी आली ती आजीने शेवटपर्यंत मानली नाही, मी वाद घालायचो आणि ती मला लाडू द्यायची.

तुझे आजोबा जन्मले १९४५ मध्ये. घरात सांगतात की त्यांचं नाव बारशाच्या आधी रेशनकार्डावर लागलं, कारण लहान का होईना एक माणूस वाढला की धान्य थोडं जास्त. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, लढाई संपूनसुद्धा, मोठ्या माणसाचं रोजचं धान्य बारा औंसांवर आणलं. साडेतीनशे ग्रॅमसुद्धा नाही. तुला ते ठीक वाटेल, पण तेव्हा जेवण म्हणजे मुख्यतः तेच होतं, भाजी, दूध, अंडी असं दहा गोष्टींनी पोट भरत नव्हतं. तान्ह्याला पाजणारी बाई त्यावर कशी उभी राहत असेल याचा विचार मी लहानपणी केला नव्हता, तू झाल्यावर, तुझ्या आईला बघून केला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केलं. सुरुवात कशावरून झाली माहितीये? 'तलवार' या नौदलाच्या तळावर मिळणाऱ्या घाणेरड्या जेवणावरून. नाविकांनी जेवण नाकारलं आणि बघता बघता ते इंग्रजांविरुद्ध झालं. जहाजांवरचं अन्न तोडलं तेव्हा मुंबईचे लोक गेटवेला खाणं घेऊन गेले, फळं, पोळ्या, जे असेल ते. ईशू, हे लोक स्वतः बारा औंसवर होते. परळ-लालबागकडे गोळीबार झाला, दोनशेच्या वर माणसं मेली शहरात. आजी काही गेटवेला गेली नव्हती, तिच्याकडे तान्हं मूल होतं. पण शेजारच्या बाईने पिशवीत पोळ्या बांधल्या आणि आजीने आपल्यातल्या दोन दिल्या, हे ती अगदी ठासून सांगायची, दोन.

हे सगळं लिहून झाल्यावर मला स्वतःलाच प्रश्न पडतो की याचा आणि तुझा संबंध काय. तू मेलबर्नमध्ये वाढलीस, तुला रांग माहिती नाही आणि माहिती नसावी हीच माझी इच्छा आहे. हे काही फक्त मराठी लोकांचं आहे असंही मला म्हणता येत नाही. इथेही तेव्हा चहा, साखर, लोणी, मांस सगळं रेशनवर होतं, शेजारच्या इटालियन आजी ब्रेडचा तुकडा टाकत नाहीत ते तू बघतेसच. आणि आमचं घर त्यातल्या त्यात सुखात होतं, पणजोबांची नोकरी होती. आजी गावाहून येताना वळकटीत तांदूळ लपवून आणायची, ते कायद्याने बंद होतं, घरात ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. ज्यांच्याकडे गावात शेतच नव्हतं त्यांनी काय लपवलं असेल असं मला हल्ली वाटतं आणि मग त्या कौतुकात मला पूर्वीसारखं सामील होता येत नाही.

कधी वाटतं की मी तुला संस्कार म्हणून जे देतोय ती एका सतरा वर्षांच्या मुलीची भीती आहे, आणि भीती मुलांना का द्यायची? तुझी आई तर स्पष्टच म्हणते की पोट भरल्यावर ताट संपवायला लावणं वाईट, आणि तिचं बरोबर आहे, डॉक्टरही तेच सांगतात. पण दुसरीकडे, भात डस्टबिनमध्ये जाताना मला काहीच वाटलं नाही तर आजीचं माझ्यात काय उरलं, असंही होतं. दोन्ही खरं आहे. मला निवडता आलेलं नाही अजून.

म्हणून नियम नाही करत. तुझ्या मैत्रिणींना काही सांगू नकोस, त्या पाहुण्या आहेत, त्यांनी ताटात कितीही ठेवलं तरी मी पुन्हा तसा चेहरा करणार नाही, निदान त्यांच्यासमोर. तू स्वतः मात्र आधी थोडं घे आणि लागलं तर परत घे, एवढं जमलं तर बघ. नाही जमलं तरी आपण भांडणार नाही.

आणि रविवारी फोन लावू तेव्हा आजोबांना त्या वहीबद्दल विचार, ती त्यांच्याच कपाटात आहे. मी विचारलं की ते "आहे कुठेतरी" म्हणतात, तू विचारलंस तर शोधतील. पानांचे फोटो पाठवायला सांग, मोडी नाहीये, साधी बाळबोध अक्षरं आहेत, तुला हळूहळू वाचता येतील. पैंची बेरीज कुठे अडली तर मला हाक मार.

तुझा,
बाबा